जपानात बाहेर खाणं: शेंगदाणा-तिळाची अ‍ॅलर्जी, शाकाहारी सासूबाई आणि वरणभात

मीठभाकर

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही जपानला निघालोय. तोक्यो, क्योतो, ओसाका, आणि जमलंच तर कोयासान, म्हणजे बौद्ध मठांचा डोंगर. मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला शेंगदाणा आणि तीळ दोन्हींची तीव्र अ‍ॅलर्जी आहे, काजूही टाळा असं डॉक्टरांनी सांगितलंय. आमच्या स्वयंपाकघरातून दाण्याचं कूट कधीच गेलं, गूळपोळीत तिळाऐवजी बेसन आणि खसखस असते. घरात सगळं बसवलंय. बाहेरचं काय, हा प्रश्न आहे.

सोबत सासूबाई आहेत. पक्क्या शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. आणि लेकाला दोन-तीन दिवसांनी वरणभात आठवणार, हे मी आत्ताच लिहून देते.

तिथे राहणाऱ्यांनी आणि जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा: हॉटेलात विचारलं तर नीट उत्तर मिळतं का? पाकिटावरच्या माहितीवर किती विश्वास ठेवायचा? की सगळा शिधा इथूनच न्यायचा? 'काळजी करू नका, मजा करा' असे प्रतिसाद नकोत, मला खरोखर माहिती हवी आहे.

निळा_कंदील

मीठभाकर ताई, मी योकोहामात राहते आणि माझ्या मुलीला दुधाची अ‍ॅलर्जी आहे, त्यामुळे हा विषय रोजचाच. सविस्तर लिहिते.

जपानात पाकीटबंद खाणं आणि हॉटेलातलं खाणं यांचे नियम वेगळे आहेत. हे आधी डोक्यात पक्कं करा, बाकी सगळं त्यावरूनच ठरतं.

पाकीटबंद पदार्थांवर अ‍ॅलर्जीची माहिती छापणं कायद्याने बंधनकारक आहे. त्या सक्तीच्या यादीत अंडं, दूध, गहू, सोबा (कुट्टू), शेंगदाणा, कोळंबी, खेकडा आहेत. अक्रोड २०२३ मध्ये आला आणि कंपन्यांना मार्च २०२५ पर्यंत मुदत होती. म्हणजे शेंगदाण्याबाबत तुम्ही पाकिटावर विसंबू शकता. घटकांच्या यादीच्या शेवटी, बऱ्याचदा कंसात, 'यात अमुक अमुक आहे' असं एकत्र लिहिलेलं असतं.

तिळाचं तसं नाही. तीळ आणि सोयाबीन हे 'शक्यतो लिहावे' अशा वीसेक पदार्थांच्या दुसऱ्या यादीत आहेत. बहुतेक मोठ्या कंपन्या लिहितात, पण लिहिलंच पाहिजे असं नाही. त्यामुळे तिळासाठी फक्त तो शेवटचा कंस बघून थांबू नका, सगळी घटकयादी वाचा. तीळ म्हणजे 'गोमा'. तो बहुधा हिरागाना या जपानी लिपीतल्या दोनच अक्षरांत लिहितात, ती अक्षरं मुलालाही शिकवून ठेवा. माझी मुलगी पाचव्या वर्षापासून दुधाचं चिन्ह शोधून मलाच दाखवते.

आणखी एक. आपल्याकडे पाकिटावर 'अमुकचा अंश असू शकतो' असं लिहिलेलं असतं. जपानात अशी 'असू शकतो' भाषा चालत नाही. त्याऐवजी 'याच कारखान्यात शेंगदाणे असलेले पदार्थ बनतात' अशी स्वतंत्र ओळ असते, पण ती ऐच्छिक आहे. ती नाही म्हणजे धोका नाही, असं समजू नका.

आता हॉटेलं. त्यांना यातलं काहीच बंधनकारक नाही. काउंटरवर मागितल्यावर डब्यात भरून देतात त्या पदार्थांनाही नाही. मोठ्या साखळी उपाहारगृहांनी मात्र स्वतःहून तक्ते केलेले असतात. ते संकेतस्थळावर असतात, टेबलावरच्या टॅबलेटवर असतात, नाहीतर मागितल्यावर जाड प्लॅस्टिकचं पान आणून देतात. उभ्या रांगेत पदार्थ, आडव्या रांगेत अ‍ॅलर्जीचे घटक, मध्ये गोल खुणा. सैझेरिया, कोको इचिबान्या, मॉस बर्गर यांचे तक्ते मी स्वतः नेहमी वापरते. तक्त्यात तिळाचा रकाना आहे का ते आधी बघा, काही ठिकाणी फक्त सक्तीचेच घटक असतात.

रोखठोक

स्पष्ट बोलतो. एवढी तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर बाहेर खाऊच नये. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, घरचं करा, डबा बांधा. हॉटेलवाल्याला वेठीला धरायचं आणि मग पोराचं काही झालं तर त्याला दोष द्यायचा, हे बरोबर नाही.

निळा_कंदील

रोखठोक, स्वयंपाकघर असलेली खोली घ्याच, याला माझंही अनुमोदन. पण नऊ वर्षांच्या मुलाने जपानला जाऊन एकदाही हॉटेलात बसू नये, हे मला पटत नाही. ज्यांनी तक्ता छापून ठेवलाय, त्यांना आपण यावं असं वाटतं म्हणूनच छापलाय.

सोनचाफा७

ओसाकातला अनुभव. एका छोट्या दुकानात आम्ही काय चालत नाही ते जपानीत लिहिलेलं कार्ड दाखवलं. मालक ते घेऊन आत गेला, बायकोशी बोलला, बाहेर येऊन खूप वेळा वाकून माफी मागितली आणि सांगितलं की तुम्हाला खायला देऊ शकत नाही. नवरा चिडला, म्हणाला हा अपमान आहे. मला तसं वाटलं नाही. त्याच्याकडे एकच कढई होती आणि ती समोरच दिसत होती. 'होईल हो काहीतरी' म्हणून वाढलं नाही, हेच बरं केलं. तीन दुकानं सोडून पुढे कुठे जेवण मिळेल तेही त्याने रस्त्यावर येऊन दाखवलं.

वाटाण्याची_उसळ

सासूबाईंसाठी सोपी युक्ती: 'शाकाहारी' म्हणायचं नाही, 'माशांची अ‍ॅलर्जी आहे' म्हणायचं. शाकाहारी म्हटलं की मासळीचं पाणी घातलेली भाजी आणून देतात, अ‍ॅलर्जी म्हटलं की लक्ष देतात. आम्ही संपूर्ण सहल अशीच काढली.

काडेचिराईत

वाटाण्याची_उसळ, मी डॉक्टर आहे आणि हा सल्ला मला अजिबात मान्य नाही.

अ‍ॅलर्जी सांगितली की जबाबदार स्वयंपाकघर सगळं थांबवतं. भांडी वेगळी काढतात, पाट्या धुतात, कुणीतरी प्रत्येक बाटली वाचत बसतं. हे सगळं कुणाच्या तरी जिवासाठी असतं. त्यानंतर 'अ‍ॅलर्जी' असलेल्या पाहुण्याने शेजारच्या ताटातला एखादा मासळीचा तुकडा चाखला, असं त्यांनी दोनदा पाहिलं की तिसऱ्या वेळी खऱ्या मुलाचं कार्ड हलक्यात घेतलं जातं. ते मूल मीठभाकर यांचं असू शकतं.

वाटाण्याची_उसळ

डॉक्टर, पटतंय तुमचं. पण मग शाकाहारी माणसाने करायचं काय? नुसता भात खायचा? श्रद्धेने न खाणारा माणूसही काही हौस म्हणून नाही म्हणत नाही.

शिंकान्सेन

मी इथे कार्ड छापून घेतलंय, त्यात सरळ लिहिलंय: 'मी मांस, मासे, अंडी खात नाही. कात्सुओबुशी, निबोशी या सुकवलेल्या माशांपासून केलेलं दाशीही (रश्शाचं मूळ पाणी) चालत नाही. कोंबू (समुद्री शेवाळ) आणि शिइताके (अळंबी) यांचं दाशी चालतं.' अ‍ॅलर्जी हा शब्दच नाही. शाकाहार म्हणजे काय हा वाद घालत बसण्यापेक्षा काय चालतं ते लिहिलं की स्वयंपाक्याला काम करता येतं.

शिवाय वाटाण्याची_उसळ यांची युक्ती धड चालतही नाही. जपानी जेवणात सुकवलेल्या माशाचं पाणी सगळीकडे असतं. मिसोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या) सारात, उदोन म्हणजे गव्हाच्या जाड शेवयांच्या रश्शात, तेम्पुरा म्हणजे तिथल्या भज्यांच्या सॉसमध्ये, गोडसर ऑम्लेटमध्ये, उकडलेल्या भाजीत. खरंच माशाची अ‍ॅलर्जी आहे म्हटलं तर प्रामाणिक दुकान तुम्हाला काहीच वाढणार नाही. आणि मासा सक्तीच्या यादीत नाही, हेही लक्षात घ्या.

गोंयकार_बाब

मी गोव्याचा, आणि मला कोळंबी-खेकड्याची अ‍ॅलर्जी. आमच्या घरात हे ऐकून सगळे हळहळतात. जपानात मला सगळ्यात जास्त आश्चर्य नोरीच्या पाकिटाचं वाटलं. त्यावर लिहिलं होतं की ही शेवाळी जिथून काढली, तिथे कोळंबी आणि खेकडे राहतात. शिरासू म्हणजे ती भातावर घालायची बारीक पांढरी मासळी, तिच्यावरही असंच, की जाळ्यात बारीक कोळंबी-खेकडे मिसळून येतात. अशी काळजी मी आणखी कुठे पाहिली नाही.

पण इझाकायात, म्हणजे तिथल्या खाण्यापिण्याच्या मद्यगृहात, जपा. बसल्या बसल्या न मागता एक छोटी वाटी पुढ्यात येते, तिला ओतोशी म्हणतात आणि तिचे पैसेही लागतात. त्यात काय असेल ते त्या दिवशी स्वयंपाक्याच्या मनात असेल ते. मी बसायच्या आधीच कार्ड दाखवतो.

निळा_कंदील

बाब, ओतोशीचं बरं आठवण केलंत. मीठभाकर ताईंसाठी महत्त्वाचं: त्या वाटीत कधी पालक तिळाच्या वाटणात कालवलेला असतो, कधी काकी-नो-ताने म्हणजे तिखट तांदळाचे कुरकुरीत तुकडे आणि त्यात शेंगदाणे. हीच खारी जोडी सुटी पाकिटातही सगळीकडे मिळते.

मोदकप्रिय

तिळाची यादी करूया का सगळ्यांनी मिळून? मला आठवतंय ते:
शिचिमी, म्हणजे उदोनवर भुरभुरायची सात जिनसांची चटणी, तिच्यात तीळ असतात. तिखट हवं असेल तर इचिमी घ्या, ती नुसती मिरची.
सॅलडवरचं मळकट पांढरं ड्रेसिंग.
भातावर भुरभुरायचं फुरिकाके.
डब्यातल्या भाताच्या मधोमध काळे तीळ.
लाल चवळीसारख्या दाण्यांचा सेकीहान भात, त्यावर तीळ-मीठ.

शिंकान्सेन

तेम्पुराही घाला. तोक्योकडे बऱ्याच ठिकाणी तळायला तिळाचं तेल असतं, किंवा त्याचं मिश्रण. दिसत नाही, पण वास येतो. तानतानमेन हे शेवयांचं सूप तर तिळाच्या वाटणावरच उभं असतं. तोक्यो स्टेशनातलं ते प्रसिद्ध शाकाहारी रामेनचं दुकान, टीज तानतान, सासूबाईंना आवडेल, मुलाला मात्र तिथे नेऊ नका. शाकाहारी म्हणजे अ‍ॅलर्जीला सुरक्षित असं समीकरण कुठेच लावू नका.

मीठभाकर

किती कामाची माहिती, मनापासून आभार! शिंकान्सेन, टीज तानतान माझ्या यादीत होतं, आत्ताच खोडलं.

कोयासानला देवळात राहायचा विचार यासाठीच होता की तिथलं जेवण संपूर्ण शाकाहारी असतं. तिथे तरी दोघांचं जमेल ना?

पाटवडी

सासूबाईंचं अगदी छान जमेल. शोजिन र्‍योरी म्हणजे बौद्ध मठातलं जेवण. मासे नाहीत, अंडं नाही, कांदा-लसूणही नाही. आमच्याबरोबरच्या जैन काकू पहिल्यांदा पोटभर जेवल्या त्या कोयासानला. कोंबू-शिइताकेचं पाणी, कोया-दोफू म्हणजे सुकवलेलं तोफू, ऋतूच्या भाज्या. कुकाई या बौद्ध भिक्षूने ८१६ मध्ये वसवलेलं ठिकाण, देवदारांतून चालत ओकुनोइनला, त्याच्या समाधीकडे, जाताना सासूबाई फार खूश होतील.

पण मुलासाठी थांबा. कोयासानचा सगळ्यात नावाजलेला पदार्थ गोमा-दोफू आहे, तीळ वाटून कुझू या कंदाच्या पिठात शिजवलेला. जवळपास प्रत्येक ताटात असतो. त्या स्वयंपाकघरात तीळ रोज वाटला जातो. बुकिंग करतानाच लेखी कळवा, 'ताटातून वगळा' एवढंच नको, 'त्याच खलात, त्याच भांड्यात दुसरं काही होतं का' हेही विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर त्या रात्रीपुरता मुलाचा डबा न्या.

निळा_कंदील

आणि ओकिनावाचा बेत पुढेमागे झाला तर: तिथे जिमामी-दोफू म्हणून दिसायला हुबेहूब असाच पदार्थ मिळतो. तो शेंगदाण्याचा असतो. तोक्योतल्या ओकिनावी हॉटेलांतही मिळतो.

रानमेवा

थोडं वेगळं, पण सोबावर कुणीच काही लिहिलं नाही म्हणून. सोबा म्हणजे कुट्टू. आपल्याकडे उत्तरेतली मंडळी उपवासाला खातात, मराठी घरांत भगर-साबुदाणा असतो म्हणून आपल्याला याची अ‍ॅलर्जी असल्याचं पुष्कळदा ठाऊकच नसतं. माझ्या भावाला जपानातच कळलं. आणि त्याने सोबा खाल्लाच नव्हता, उदोन खाल्ला होता. बऱ्याच दुकानांत दोन्ही एकाच उकळत्या पाण्यात शिजवतात. पाणी ढवळलं की वाफेतही अंश येतो.

जुन्या पद्धतीच्या जपानी निवासांत, म्हणजे र्‍योकानमध्ये उशीही सोब्याच्या टरफलांची असते, हातात घेतली की करकरते. रात्री डोकं ठेवलं की नाकातोंडात. सोब्याची अ‍ॅलर्जी असेल त्यांनी खोली घेतानाच उशी बदलून मागावी.

काडेचिराईत

रानमेवा यांनी लिहिलेलं अगदी योग्य. सोब्याची प्रतिक्रिया फार वेगाने येऊ शकते.

मीठभाकर, वैद्यकीय बाजू लिहितो. अ‍ॅड्रेनालिनचं स्वयंचलित इंजेक्शन भारतात सहज मिळत नाही. तुमच्याकडे असेल तर दोन ठेवा आणि सामानात न टाकता अंगावरच्या पिशवीत ठेवा. डॉक्टरांचं इंग्रजी पत्र, औषधाचं मूळ वेष्टन सोबत असू द्या. अ‍ॅलर्जीची गोळी ही अंगावरच्या पित्तासाठी. श्वास घुसमटला, आवाज बसला, उलट्या सुरू झाल्या, मूल मलूल पडलं, तर गोळी देऊन वाट बघू नका. इंजेक्शन द्या, आडवं करा (श्वास लागत असेल तर बसू द्या), ११९ लावा. तिथे रुग्णवाहिकेचे पैसे लागत नाहीत, रुग्णालयाचे लागतात, म्हणून विमा घ्या आणि त्यात जुना आजार धरलाय का ते वाचा. बरं वाटलं तरी रुग्णालयात जाच, काही तासांनी त्रास पुन्हा उसळू शकतो.

आणि सर्दीच्या गोळ्या नेताना घटक बघा. स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेलं औषध जपानात नेता येत नाही.

रोखठोक

डॉक्टर, एक शंका. माझ्या मेव्हण्याला तिथे बांगडा खाऊन अंगावर गांधी आल्या, इथे बांगडा खातो तेव्हा काही होत नाही. हे कसं?

काडेचिराईत

बांगड्याच्या जातीचे मासे नीट थंड ठेवले नाहीत तर त्यात हिस्टामिन तयार होतं. शिजवूनही जात नाही. त्याने अ‍ॅलर्जीसारखाच चेहरा लाल होतो, गांधी येतात. ती विषबाधा, अ‍ॅलर्जी नव्हे. तपासून घ्या, उगाच जन्मभर बांगडा सोडायला लावू नका.

रोखठोक

हे त्याला सांगतो, घरात आनंदोत्सव होईल. :)

निशीकासाईकर

वरणभाताचा प्रश्न तसाच राहिला की! मी तोक्योच्या निशी-कासाई भागात राहतो. २००० च्या आसपास संगणकवाली मंडळी आली तेव्हापासून इथे भारतीय वस्ती आहे. अंबिकाचं दुकान इथे आहे, कुरामाएलाही आहे: तूरडाळ, हिंग, जिरं, पोहे, गोडा मसाला सोडून सगळं. उएनोच्या आमेयोको बाजारात ओत्सुया हे दुकान, शिन-ओकुबोत हलाल दुकानांची गल्ली, तिथे हिरव्या मिरच्या आणि कोथिंबीरही ताजी मिळते.

तांदूळ मात्र इथलाच घ्या. आपल्या इंद्रायणी-आंबेमोहोराची सवय असलेल्याला जपानी तांदळाचा मऊ भात लगेच आवडतो. कोणत्याही कॉम्बिनीत (चोवीस तास उघड्या छोट्या दुकानात) तयार भाताचं पाकीट मिळतं, मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं. घरून मेतकूट न्या. गरम भात, मेतकूट, लोणी. आमच्याकडे आलेली सगळी लहान मुलं यावर राहिली आहेत.

गोडा मसाला नेताना तुमच्या घरचाच न्या, बाजारातल्यात तीळ असतात.

मीठभाकर

हो, आमचा घरी करतो, बिनतिळाचा. मेतकूट हे आधी कसं सुचलं नाही! आणि तिथल्या भारतीय हॉटेलांचं काय? फारच कंटाळा आला तर डाळ-रोटी तरी निर्धास्त खाता येईल ना?

निशीकासाईकर

नाही! हे ठळक अक्षरांत लिहायला हवं. निर्धास्त तर मुळीच नाही.

जपानातली गल्लोगल्लीची 'भारतीय' हॉटेलं बहुतेक नेपाळी मंडळी चालवतात. मेहनती माणसं आहेत, प्रेमाने खाऊ घालतात. ताटापेक्षा मोठा गोडसर नान, चीज नान, बटर चिकन, आणि चिरलेल्या कोबीवर केशरी ड्रेसिंग. पण रस्सा दाट करायला काजू असतो. आमच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात मी हिंदीत विचारलं तेव्हा आचारी दादा आतून काजूच्या वाटणाचं भांडंच घेऊन आले. भाजी कुठलीही असो, पळी एकच, आणि ती त्याच भांड्यातून फिरते. मुलाला मोमो दिसले तर हमखास मागेल, त्यांच्यासोबतच्या अचारात तीळ असतात, कुठे कुठे शेंगदाणेही.

आपली भाषा कळते म्हणून आपण इथेच सगळ्यात कमी विचारतो. इथेच सगळ्यात जास्त विचारा. हिंदीत विचारता येतं हा मोठा फायदा आहे, तो वापरा: काजू, मूंगफली, तिल, तिन्हींची नावं घेऊन.

पाटवडी

अवांतर: जपानमधल्या भारतीय जेवणाचा विषय निघालाच आहे तर, शिंजुकूच्या नाकामुराया दुकानाने १९२७ मध्ये भारतीय पद्धतीची करी विकायला सुरुवात केली, ती रासबिहारी बोस यांच्यामुळे. ते त्या घराचे जावई होते. गिंझातलं ए. एम. नायर या दुसऱ्या क्रांतिकारकाचं हॉटेल १९४९ चं. क्रांतिकारक मंडळींनी परदेशात मागे काय काय ठेवलं, त्यात करीसुद्धा आहे याचं मला फार अप्रूप वाटतं.

मोदकप्रिय

पाटवडी, अवांतर आवडलं. पण घरगुती जपानी करीच्या वड्या वेगळ्या बरं का. त्यात गहू असतोच, बऱ्याचदा प्राण्यांची चरबी, दूध, आणि काहींत शेंगदाण्याची पेस्टही असू शकते. सासूबाई आणि मुलगा दोघांसाठीही पाकीट वाचल्याशिवाय नको.

सुकट_भाकरी

गोंयकार बाब, क्षमा करा, पण मला लिहायलाच हवं. सुरुगा खाडीतली साकुरा-एबी सुकवलेली मिळते. मी ती कांदा, कोकम, हिरवी मिरची घालून परतली. जवळ्याची आठवण इतकी भागली की डोळ्यांत पाणी आलं. तांदळाचं पीठ मिळतंच, भाकरीही थापली. फक्त ज्यांना चालते त्यांनीच!

गोंयकार_बाब

तुमी खायात, हांव वास घेतां. दुरून. :)

दहीपोहे

घरून काय न्यावं यावर: ताजी फळं, भाज्या प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. मांसाचे पदार्थ तर अजिबात नाहीत, चिकनचं लोणचंही काढून घेतात. हापूस घेऊन जाऊ म्हणणाऱ्या आत्यांना समजवा. भारतीय आंबा जपानने २००६ मध्ये खुला केला, पण तो वाफेची प्रक्रिया करून, कागदपत्रांसह. पेटी उचलून विमानात बसायचं नाही.

आणि तयार पोहे-उपम्याची पाकिटं नेणार असाल तर मीठभाकर ताई, त्यांतच शेंगदाणे असतात. जपानची पाकिटं वाचताना आपली वाचायची राहून जातात.

फुलराणी_२

'जपानी लोक इतके शिस्तीचे, तिथे चूक होणारच नाही' असं कुणी म्हणालं तर? आमच्या ओळखीतले सगळे असंच म्हणतात.

निळा_कंदील

फुलराणी, तसं मानू नका. डिसेंबर २०१२ मध्ये तोक्योजवळच्या चोफूत पाचवीतल्या एका मुलीचा शाळेच्या जेवणामुळे मृत्यू झाला. तिला दुधाची अ‍ॅलर्जी होती. तिच्यासाठी चीजशिवाय चिजिमी (कोरियन धिरडं) वेगळी केली होती, ती तिने खाल्ली. मग जास्तीचं वाढताना चीज असलेली दिली गेली. इंजेक्शनही उशिरा दिलं गेलं.

माझी मुलगी शाळेत जाते ती त्यानंतरच्या व्यवस्थेत. दरवर्षी डॉक्टरांनी भरलेला तक्ता शाळेला द्यायचा. दर महिन्याला येणाऱ्या जेवणाच्या यादीत प्रत्येक पदार्थाचे घटक असतात, मी त्यावर खुणा करून परत पाठवते. तिचं ताट वेगळं, त्यावर नाव. शिक्षकांना इंजेक्शन कसं टोचायचं ते शिकवतात आणि गरज पडली तर ते टोचू शकतात. आमच्या शाळेत तिला दुसऱ्यांदा वाढत नाहीत. तिला वाईट वाटतं कधी कधी. मी तिला कारण सांगितलंय.

म्हणून ताई, मुलाला एक गोष्ट शिकवून न्या: दुसऱ्यांदा वाढलेलंही पहिल्यासारखंच विचारायचं.

मीठभाकर

निळा_कंदील, हे वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. तुमच्या लेकीला खूप आशीर्वाद.

आत्तापर्यंतचा बेत: तोक्यो आणि ओसाकात स्वयंपाकघर असलेल्या खोल्या, रोज एक वेळ घरचं. बाहेर फक्त तक्ता असलेल्या ठिकाणी. कोयासानला लेखी विचारणार, नाहीतर डबा. मुलासाठी आणि सासूबाईंसाठी दोन वेगळी कार्डं. मुलाच्या कार्डाचा मजकूर कुणी जपानी येणाऱ्याने तपासून द्याल का? आणि रामेनच्या दुकानात दारातच यंत्रातून तिकीट घ्यायचं असतं म्हणे, तिथे विचारायचं कुणाला?

शिंकान्सेन

तिकीट घ्यायच्या आधी आत जाऊन कार्ड दाखवा, रांग असली तरी. 'सुमिमासेन' (माफ करा) म्हणून हात वर केला की कुणीतरी येतं. पैसे भरून मग विचारलं तर दोघांचीही पंचाईत. आणि जेवणाच्या ऐन गर्दीत विचारू नका. साडेअकराला किंवा दुपारी दोननंतर गेलात तर स्वयंपाक्यालाही पाकीट उलटून वाचायला सवड असते.

कार्डाचा मजकूर मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. शेंगदाण्याची दोन्ही नावं घालू, राक्कासेइ आणि पीनात्त्सु. तीळ, तिळाचं तेल, तिळाचं वाटण असं तिन्ही वेगळं लिहू, कारण नुसतं 'तीळ' लिहिलं की तेलाचा विचार पुष्कळांच्या मनात येत नाही. शेवटची ओळ अशी ठेवू: 'खात्री नसेल तर कृपया नाही म्हणा, आम्हाला वाईट वाटणार नाही.' ही ओळ वाचली की बहुतेकांचा ताण उतरतो, मग ते नीट तपासून उत्तर देतात.

निशीकासाईकर

तोक्योत असाल तेव्हा कळवा, मेतकूट संपलं तर आमच्याकडे आहे. दाणे-तीळ नसलेला कुकर एका दिवसासाठी वेगळा काढून ठेवतो.

मीठभाकर

शिंकान्सेन, निरोप पाठवलाय. निशीकासाईकर दादा, नक्की येतो. येताना काय आणू ते सांगा.

निशीकासाईकर

गोडा मसाला! तुमचा, बिनतिळाचा चालेल.